आईला घेऊन दिल्ली पाहिली

आमच्या घरची मंडळी दिल्लीला गेली ती आल्याला बरा भाव मिळाला म्हणून, असे गावात समजतात. भाव मिळाला हे खरे, आणि गाठीला पैसे नसते तर गेलो नसतो हेही खरे. पण जायचे ठरले ते आईमुळे.

आईचे वय बहात्तर. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, मराठा पलटणीत शिपाई होता. १९७१ च्या डिसेंबरात पूर्वेच्या आघाडीवर तो पडला. घरी आली ती तार, आणि काही महिन्यांनी त्याची पत्र्याची ट्रंक. आई तेव्हा अठरा वर्षांची होती. भाऊबीजेला ती आजही पाट मांडते, निरांजन लावते आणि अंगणात येऊन चंद्राला ओवाळते. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचे, ही आपल्याकडची रीतच आहे. लहानपणापासून आम्ही ते पाहत आलो. त्याबद्दल तिला काही विचारावे असे कधी सुचले नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतले एक निवृत्त सुभेदार आमच्या ओसरीवर चहाला बसले होते. त्यांनी सांगितले की दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक झाले आहे आणि स्वातंत्र्यानंतर लढाईत कामी आलेल्या जवानांची नावे तिथे भिंतींवर कोरली आहेत. आई आत भाकरी थापत होती. सुभेदार गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘दादाचं नाव असंल का रं तिथं?’’ माझ्या मुलीने मोबाइलवर स्मारकाच्या संकेतस्थळावर शोधले. नाव होते. भिंतीचा क्रमांकही निघाला.

एवढे झाल्यावरसुद्धा निघायला दोन वर्षे गेली. शेतकऱ्याच्या घराला सुट्टी नसते. एकदा ऊस तुटायचा राहिला होता, एकदा म्हैस व्यायची होती. शेवटी फेब्रुवारीच्या अखेरीची तिकिटे काढली. धाकट्या भावाने धारा आणि पाणी अंगावर घेतले, पोरांची आठवडाभर शाळा बुडाली. ज्यांना जायचे असेल त्यांनी हाच हंगाम धरावा असे मी सांगेन. दिवाळीच्या आसपास दिल्लीची हवा धुराने कोंदलेली असते, डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात आणि मे-जूनचे ऊन म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही.

सातारा स्टेशनात गोवा एक्स्प्रेस थांबते. ती पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, आग्रा करीत हजरत निजामुद्दीनला जाते. तिकिटावरचे स्टेशनाचे नाव नीट वाचून ठेवा. दिल्लीत नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार अशी वेगवेगळी स्टेशने आहेत आणि परतीच्या दिवशी भलत्याच स्टेशनावर जाऊन उभे राहणारे कमी नाहीत. आईला खालचा बाक मिळाला. खांडव्याच्या पुढे नर्मदेच्या खोऱ्यातला गहू दिसू लागला तशी ती खिडकीला टेकून बसली. ‘‘एवढ्या रानाला भांगलायला बाया किती लागत असतील?’’ हा तिचा पहिला प्रश्न.

करोलबागेत आमच्या ओळखीचे एक गलाईवाले आहेत. खानापूर-आटपाडीकडची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, दिल्लीतही त्यांचा चांगला जम आहे. त्यांनी जवळच एक साधी, स्वच्छ खोली पाहून ठेवली होती. ज्यांची अशी ओळख नसेल त्यांनी पहाडगंजातल्या बृहन्महाराष्ट्र भवनाकडे आधी पत्र किंवा फोन करून पाहावा. परमुलखात मराठी बोलणारे दार असले की बायकामाणसांना धीर येतो.

आता आमची पहिली चूक सांगतो. आम्ही पोहोचलो सोमवारी. आंघोळी उरकून हौसेने लाल किल्ल्यावर गेलो तर दार बंद. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, कमळाच्या आकाराचे ते बहाई मंदिर बंद असते, रेल्वेचे संग्रहालयही बंद असते. हे घरी बसून कळण्यासारखे होते. युद्ध स्मारक मात्र सोमवारीही उघडे असते. त्याच क्षणी रिक्षा करून तिकडे गेलो असतो तर पुढचे काही घडले नसते. पण माझ्या डोक्यात यादी होती, आणि यादीत स्मारक शेवटच्या दिवशी होते. ‘निवांत जाऊ, घाईत नको,’ असा माझा हिशेब. आई ‘‘बरं’’ म्हणाली. ती नेहमीच ‘बरं’ म्हणते.

तो दिवस मग चांदणी चौकात काढला. किल्ल्यासमोरच जैनांचे लाल मंदिर आहे आणि त्याच्या आवारात पाखरांचा दवाखाना. पतंगाच्या मांज्याने पंख कापलेली कबुतरे, पंख्याला धडकलेले पोपट, सगळ्यांची मलमपट्टी फुकट होते. घारीसारख्या मांस खाणाऱ्या पाखरांवरही औषधोपचार करतात, पण त्यांना आत ठेवून घेत नाहीत. धाकट्याला लाल किल्ल्यापेक्षा हा दवाखाना जास्त आवडला, आणि घरी आल्यावर त्याने मित्रांना पहिली गोष्ट सांगितली ती हीच.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला फत्तेपुरी मशीद, आणि तिच्या शेजारी खारी बावली, म्हणजे मसाल्यांची पेठ. तिथे पाऊल टाकले की ठसका लागतो. मिरचीची पोती, हळदीची पोती, वेलदोडे, बदाम, आणि सुंठेचे ढीग. आल्याचे पीक घेणारा माणूस तिथून सरळ कसा पुढे जाईल? सुंठ हातात घेतली, मोडून पाहिली, वास घेतला. भाव विचारला आणि आपण ओले आले कितीला देतो ते मनाशी ताडून पाहिले. ओल्या आल्याचे वजन वाळल्यावर पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहते, हे धरूनही मधला फरक मोठा दिसला. तो कोणाकोणाच्या हातात जातो याचा विचार करत मी इतका वेळ उभा राहिलो की बायकोने दंडाला धरून बाहेर काढले. त्या दिवशी आई केवढे चालली असेल, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

मेट्रोविषयी दोन शब्द. ही गाडी दिल्लीत २००२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि आता शहरभर पसरली आहे. खेड्यातल्या माणसाला ती रिक्षापेक्षा सोपी जाते. फसवणूक नाही, भाव करणे नाही, प्रत्येक स्टेशनाचे नाव पुकारतात. पुढचा डबा बायकांचा असतो. सरकत्या जिन्यापाशी मात्र आईने बसकणच मारली. ‘‘माझं लुगडं त्यात जाईल. मी नाही येत.’’ तिचे खोटे नव्हते. नऊवारीचा काठ त्या दातऱ्यांत अडकू शकतो. आम्ही साध्या जिन्याने उतरलो. प्रत्येक स्टेशनात लिफ्ट असते आणि मागितली तर व्हीलचेअरही मिळते, हे आम्हांला तिसऱ्या दिवशी कळले. विचारायची लाज वाटते, दुसरे काय!

मंगळवारी लाल किल्ला पाहिला. शहाजहानने १६३९ च्या सुमारास काम काढले ते १६४८ मध्ये पुरे झाले. आत शिरल्यावर माणूस संगमरवर पाहत सुटतो. पण मराठी माणसाने दिवाण-ए-खासमध्ये उभे राहून वर पाहावे. इथल्या छताला पूर्वी चांदीचा पत्रा होता. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत आले, दिल्ली घेतली, तेव्हा तो पत्रा उतरवून त्याची नाणी पाडली. मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे आपल्याच लोकांनी काढला?’’ आपल्याच. मी त्याला लपवून सांगितले नाही. फौजेचा पगार थकला होता, धान्य-वैरण विकत घ्यायची होती, दक्षिणेतून पैसा येत नव्हता. बाजारबुणगे आणि यात्रेकरूही फौजेबरोबर होते. त्यानंतर काही महिन्यांतच, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झाले. ते गाव इथून उत्तरेला नव्वद किलोमीटरवर आहे.

पुढे महादजी शिंद्यांनी ही पडलेली बाजू सावरली. १७७१ साली मराठ्यांनी दिल्ली घेतली, बादशहा शाह आलमला परत आणून तख्तावर बसवले, आणि नंतर कित्येक वर्षे दिल्लीची सूत्रे शिंद्यांच्या हातात राहिली. १८०३ च्या सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजला इंग्रजांशी लढाई होऊन ती गेली. पोरांच्या पुस्तकात पानिपत ठळक असते आणि महादजी दोन ओळींत आटपतात, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला तिथे कळली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा लागतो हे सगळ्यांना ठाऊक. पण १९४७ साली नेहरूंनी या किल्ल्यावर झेंडा फडकवला तो १६ ऑगस्टला.

संध्याकाळी बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात गेलो. डोक्याला रुमाल बांधायचा, पाय धुवायचे आणि आत जायचे. लंगरात कोणीही जेवावे, जात-धर्म कोणी विचारत नाही. जेवून झाल्यावर माझी बायको रोट्या लाटणाऱ्या बायकांत जाऊन बसली. भाषा येत नव्हती, पण लाटण्याला भाषा कशाला लागते? तासभर ती तिथून हलली नाही. आई भिंतीला टेकून पाय चोळत बसली होती. मी पाहिले, आणि दमली असेल म्हणून सोडून दिले.

बुधवारी सकाळी कुतुबमिनार. उंची साडेबहात्तर मीटर. १९८१ च्या डिसेंबरात आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन शाळकरी मुले दगावली, तेव्हापासून वर कोणाला सोडत नाहीत. मला मिनारापेक्षा शेजारचा लोखंडी खांब पाहायचा होता. सुमारे सोळाशे वर्षांचा, सात मीटरांहून थोडा अधिक लांब, आणि उन्हापावसात उभा असून खाऊन गेलेला नाही. आमच्या नांगराचा फाळ एका पावसाळ्यात तांबूस होतो. शास्त्रज्ञ सांगतात की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे, त्याने वर एक पातळ थर धरला आहे आणि तोच गंज रोखतो. त्या काळच्या लोहाराने हे कागदावर मांडून केले नसणार; पण त्याच्या हाताला ते ठाऊक होते.

दुपारी पुसा. शेतकऱ्याने दिल्लीला जाऊन पुसा संस्था न पाहता परत येऊ नये. ही संस्था मुळात १९०५ साली बिहारातल्या पुसा गावी सुरू झाली. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ साली ती दिल्लीला आली; नाव मात्र जुन्या गावाचेच चिकटून राहिले. पुसा ज्वाला मिरची, पुसा सावनी भेंडी ही नावे आपण बियाण्याच्या पाकिटावर वर्षानुवर्षे वाचली, ती इथली. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इथे कृषी विज्ञान मेळा भरतो. आम्ही गेलो तेव्हा तो चालू होता. गव्हाचे वाण शेजारी शेजारी पेरलेले होते आणि पाटीवर नाव लिहिलेले. मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हावर साठीच्या दशकात इथेच काम झाले. डॉ. स्वामिनाथन त्या वेळी इथे होते. उंच गव्हाला खत घातले की तो लोळायचा. बुटका उभा राहिला आणि ओंबीने भरला. १९६८ साली सरकारने गव्हाच्या क्रांतीचे टपाल तिकीट काढले ते त्याच पिकाचे.

आई बांधावर बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘‘मग बहात्तरला आम्हांला तांबडा मिलो का खावा लागला?’’

उत्तर मला द्यावे लागले. गव्हाची क्रांती झाली ती जिथे कालवे होते, विहिरींना पाणी होते तिथे. आमच्या रानात तेव्हा पाटाचे पाणी नव्हते. नुसत्या बियाण्याने काय होणार? आई म्हणाली, ‘‘दादा डिसेंबरात गेला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पाऊसच आला नाही. मी नि तुझी आज्जी खडी फोडायला जायचो. आज्जी हातोडा मारायची नि रडायची. लोकांना वाटायचं उन्हानं डोळ्यांतनं पाणी येतंय.’’ हे तिने मला पूर्वी कधी सांगितले नव्हते. तिथे, गव्हाच्या वाफ्यांपाशी, का सांगितले कोण जाणे.

त्या रात्री तिचे दोन्ही गुडघे सुजले. सकाळी पाय खाली टेकवेना. गुरुवार होता, शुक्रवारी दुपारची परतीची गाडी. स्मारकाला गुरुवार राखून ठेवला होता. आई म्हणाली, ‘‘तुम्ही जाऊन या. पोरांना दाखवा. मी खोलीत बसते.’’ आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला बरे वाटले असते. बायकोने मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘अहो, ज्याच्यासाठी आलो ते पहिल्या दिवशी करायचं असतं. आत्यांना तीन दिवस किल्ले दाखवत फिरवलंत, नि ज्याच्यासाठी त्या आल्या ते राहिलं.’’ मी काय बोलणार! ज्यांच्या घरातून म्हातारे माणूस बरोबर येणार असेल त्यांनी माझा हा मूर्खपणा करू नये. त्यांच्या मनातली जागा कुठली ते विचारा आणि गाडीतून उतरल्यावर प्रथम तिकडे जा. बाकीची दिल्ली कुठे पळून जात नाही.

गलाईवाल्यांच्या घरून गरम पाण्याची पिशवी आली. बायकोने मीठ भाजून पुरचुंडीने शेकले. दुपारी तीनपर्यंत सूज थोडी उतरली. मेट्रोच्या स्टेशनात या खेपेला मी लाज सोडून विचारले. एका कर्मचाऱ्याने व्हीलचेअर आणली, लिफ्टने खाली नेले, गाडीत बसवून दिले. राजीव चौकला गाडी बदलून केंद्रीय सचिवालय स्टेशनात उतरलो आणि तिथून रिक्षा केली.

इंडिया गेट आधी लागते. उंची बेचाळीस मीटर, १९३१ साली पुरे झाले; पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण लढाईत पडलेल्या हिंदी शिपायांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी बांधलेले. त्याखाली १९७२ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमर जवान ज्योत तेवत होती, ती १९७१ च्या जवानांसाठी. २०२२ च्या जानेवारीत ती पलीकडच्या नव्या स्मारकातल्या ज्योतीत नेऊन मिळवली. नवे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुले झाले. आत जायला पैसे नाहीत. मधोमध दगडी स्तंभ आणि ज्योत, आणि तिच्याभोवती एकाबाहेर एक अशी वर्तुळे: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि सगळ्यांत बाहेर झाडांचे रक्षक चक्र. नावे आहेत ती त्याग चक्रात. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव, सोनेरी अक्षरांत, आणि अशा विटांच्या उंच भिंती. पंचवीस हजारांहून जास्त नावे आहेत. आकडा वाचताना काही वाटत नाही. भिंतीपुढे उभे राहिल्यावर डोळे पुरत नाहीत.

धाकटा पुढे पळाला. मुलगी कागदावरचा क्रमांक पाहत चालली. आई एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने बायकोचा दंड धरून पावलापावलाने येत होती. भिंत सापडली, मग ओळ सापडली. नाव डोक्याच्या थोडे वर होते. मुलीने मोठ्याने वाचले. आईला डोळ्यांनी आता बारीक दिसत नाही. तिने पुन्हा वाचायला लावले. मुलीने पुन्हा वाचले.

आई रडेल असे मला वाटले होते. ती रडली नाही. तिने कनवटीची चंची काढली, तिच्यातून एक सुपारी घेतली. दिवा तिथे लावू देणार नाहीत हे बायकोने तिला घरीच सांगून ठेवले होते. सुपारी मुठीत धरून, हात वर करून, तिने त्या नावाभोवती तीन वेळा ओवाळले. हात पुरेना म्हणून मी तिला कोपराखाली आधार दिला. एक पहाऱ्याचा जवान थोड्या अंतरावर उभा होता. तो पुढे आला. मला वाटले, हटकणार. त्याने फक्त हिंदीत विचारले, ‘‘कोण होते, मांजी?’’ आईने मराठीत सांगितले, ‘‘भाऊ. थोरला.’’ त्याला ते कळले. तो दोन पावले मागे सरला आणि येणाऱ्या माणसांना जरा पलीकडून जायला सांगू लागला.

आई तिथे पाऊण तास होती. दगडी कट्ट्यावर बसून नुसती भिंतीकडे पाहत राहिली. एकदा म्हणाली, ‘‘शेजारी कोणकोण आहेत, वाच.’’ मुलीने आजूबाजूची नावे वाचली. कोणी त्याच पलटणीचे होते. आई प्रत्येक नावाला मान हलवत होती. सूर्य कलला तसे लोक ज्योतीकडे जमू लागले. संध्याकाळी तिथे पुष्पचक्र वाहून मानवंदना देतात. बिगुल वाजला तेव्हा पोरे आपोआप उभी राहिली. आईही उठली, गुडघ्याला हात लावून.

परतीच्या गाडीत मथुरेपर्यंत उजेड होता. दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी पडली होती, काही ठिकाणी काढणी लागली होती. समोरच्या बाकावर झाशीची एक बाई होती. तिला आईची मराठी कळत होती की नाही देव जाणे, पण आई तिला सगळे सांगत होती: पाखरांचा दवाखाना, न गंजणारा खांब, लुगडे ओढणारा जिना. दिवे लागले तेव्हा तिने नातीला हाक मारली. भिंतीचा नि ओळीचा क्रमांक एका कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला, कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि चंचीत त्या सुपारीशेजारी ठेवली.